साखर दिसली, पाणी राहून गेले: सतराव्या दिवशी परत ॲडमिट झालेल्या हार्ट फेल्युअर रुग्णाचे प्रकरण

हे प्रकरण अभ्यासासाठी बेतलेले आहे. यातील रुग्ण कोणी खरी व्यक्ती नाही. वॉर्डात ज्या प्रकारच्या नोंदी आणि चुका आढळतात त्यांवरून ते रचले आहे, आणि वाचणाऱ्याला कागद घेऊन हिशेब पडताळता यावा म्हणून सगळे आकडे दिले आहेत. सूत्रे, औषधांचे परिणाम आणि नाव घेऊन उल्लेख केलेल्या चाचण्या मात्र खऱ्या आहेत.

या प्रकरणात डॉक्टरांचा निष्कर्ष बरोबर होता: रुग्णाला इन्सुलिन रेझिस्टन्स होता, म्हणजे शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नव्हते. ज्या नमुन्यावरून तो काढला तो नमुना चुकीचा होता. आणि त्यावर दिलेला उपाय नमुन्याहूनही चुकीचा निघाला.

पहिली भरती

वय ६४, बाई, उंची १५६ सेंमी. १२ वर्षांपासून उच्च रक्तदाब, ॲम्लोडिपिन १० मिग्रॅ आणि टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ चालू. तीन आठवड्यांपासून जिना चढताना दम, नंतर रात्री उशा वाढल्या, पायांवर सूज. छातीत शिट्टीसारखा आवाज येतो म्हणून बाहेर दम्याचे निदान झाले आणि प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) ४० मिग्रॅ रोज सकाळी सुरू झाले. तिसऱ्या दिवशी दम इतका वाढला की दुपारी ३ वाजता इमर्जन्सीत आणावे लागले.

वजन ८४.६ किलो. रक्तदाब १६८/९२. इकोमध्ये इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय बाहेर फेकते तो रक्ताचा वाटा) ५८ टक्के, डावा कर्णिका-कप्पा मोठा, ई बाय ई-प्राइम (हृदय भरतानाच्या दाबाचा अंदाज देणारे गुणोत्तर) १६, फुफ्फुसाच्या धमनीतील अंदाजित दाब ४६. ईसीजीत सायनस ऱ्हिदम. एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारे प्रथिन) १,१६० पिकोग्रॅम प्रति मिलि, मूत्रपिंडाचे काम सांगणारे क्रिएटिनिन १.१ आणि ईजीएफआर ५६, पोटॅशियम ४.३.

म्हणजे पंपाची आकुंचनशक्ती टिकून असलेले हार्ट फेल्युअर. अशा हार्ट फेल्युअरची शक्यता मोजणारा एच-टू-एफपेफ स्कोअर लावला तर बीएमआय ३० च्या वर म्हणून २, रक्तदाबाच्या दोन गोळ्या १, वय ६० च्या वर १, ई बाय ई-प्राइम ९ च्या वर १, धमनीदाब ३५ च्या वर १, असे ६ गुण होतात. निदानाबद्दल शंकेला फारशी जागा नाही. एनटी-प्रोबीएनपी १,१६० पाहून कोणी 'फार नाही' म्हणेल, पण लठ्ठ रुग्णांत हा आकडा मुळातच खाली राहतो. त्यामुळे इथला १,१६० सडपातळ रुग्णातल्या १,१६० पेक्षा जड धरायचा.

त्याच दुपारी घेतलेल्या रक्तात साखर २१२ आणि ट्रायग्लिसराइड २४८ मिग्रॅ प्रति डेसिलिटर, एचडीएल ('चांगले' कोलेस्टेरॉल) ३४, एचबीए१सी (मागील दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची खूण) ६.३ टक्के. केसपेपरवर इन्सुलिन रेझिस्टन्सचा अंदाज देणारा टीवायजी इंडेक्स १०.१८ असा लिहिला गेला आणि त्याखाली एक ओळ: 'तीव्र इन्सुलिन रेझिस्टन्स, नवा मधुमेह, पुन्हा भरतीचा धोका जास्त.'

पुढे जे झाले त्याची सुरुवात या ओळीपासून आहे.

१०.१८ मध्ये काय काय मिसळले होते

टीवायजी म्हणजे उपाशीपोटीचे ट्रायग्लिसराइड गुणिले उपाशीपोटीची साखर, भागिले २, आणि त्याचा नैसर्गिक लॉग. इथे २४८ × २१२ ÷ २ = २६,२८८ आणि त्याचा लॉग १०.१८. गणित बरोबर आहे. पण सूत्रात 'उपाशीपोटी' हा शब्द दोनदा येतो आणि बाईंचे जेवण दीड वाजता झाले होते.

दुसरी भेसळ प्रेडनिसोलोनची. सकाळी एकदा घेतलेले प्रेडनिसोलोन साखर वाढवते ती मुख्यतः दुपारी आणि संध्याकाळी; पहाटेची उपाशी साखर बऱ्यापैकी ठीक असू शकते. नमुना दुपारी ३ चा, म्हणजे नेमका चढाच्या वेळचा. तिसरी भेसळ खुद्द आजाराची. दम लागलेल्या माणसाच्या रक्तात ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल दोन्ही वाढलेले असतात, यकृत साखर सोडत असते आणि चरबी वितळून मुक्त फॅटी ॲसिड रक्तात येत असतात.

ताणाचा वाटा किती याचा ढोबळ अंदाज घेता येतो. एचबीए१सी वरून सरासरी साखर काढायची (२८.७ × ६.३ − ४६.७ = १३४) आणि भरतीची साखर तिने भागायची: २१२ ÷ १३४ = १.५८. म्हणजे नेहमीच्या सरासरीपेक्षा दीडपटीहून जास्त साखर त्या दुपारची होती, त्या बाईंची नव्हे. जुना, अनियंत्रित मधुमेह असता तर हे गुणोत्तर एकच्या आसपास आले असते. एचबीए१सी ६.३ हा मधुमेहपूर्व टप्पा आहे. स्टिरॉइडवर असलेल्या, दम लागलेल्या रुग्णाच्या एका अवांतर साखरेवरून मधुमेहाचा शिक्का मारता येत नाही.

लॉगमुळे आणखी एक फसगत होते. १०.१८ आणि ९.२२ (पुढे येणाऱ्या दुसऱ्या नमुन्याचा) हे आकडे शेजारी ठेवले तर फरक दहा टक्क्यांचा वाटतो. प्रत्यक्षात लॉगमधला सुमारे ०.९५ म्हणजे मूळ गुणाकारात २.६ पट. उलट बाजूने पाहिले तर एकाच माणसाचे ट्रायग्लिसराइड एका दिवसाहून दुसऱ्या दिवशी सहज २० टक्के हलते आणि तेवढ्याने टीवायजी ०.२ ने सरकतो. म्हणून ८.९ चा ८.७ झाला यावर आनंद मानू नये, आणि एकाच नमुन्यावर निकाल देऊ नये.

जाता जाता: दोन ठिकाणचे टीवायजी जुळत नसतील तर आधी सूत्र पाहा. कोणी गुणाकाराला २ ने भागून मग लॉग घेतो, कोणी लॉग घेऊन मग २ ने भागतो. पहिल्या रीतीने उत्तर ८ ते १० च्या घरात येते, दुसरीने ४ ते ५ च्या. दोन्ही छापील साहित्यात सापडतात. एकाच फाइलमध्ये दोन्ही आले की रुग्ण एका रात्रीत 'बरा' होतो.

डिस्चार्ज, चौथ्या दिवशी दुपारी

तीन दिवस शिरेतून फ्युरोसेमाइड (लघवीवाटे पाणी काढणारे औषध, म्हणजे डाययुरेटिक) ४० मिग्रॅ दोन वेळा. वजन ८०.९ वर आले, दम कमी झाला, बाई चालू लागल्या. चौथ्या दिवशी सकाळी तोंडावाटे फ्युरोसेमाइड ४० मिग्रॅची पहिली गोळी आणि दुपारी डिस्चार्ज. एनटी-प्रोबीएनपी ९४०, म्हणजे १९ टक्के घट. भरतीपासून किमान ३० टक्के घट व्हावी अशी अपेक्षा असते. ती पूर्ण झाली नव्हती.

घोट्यांवर सूज होती. ती 'ॲम्लोडिपिनची असेल' असे म्हणून सोडून दिली. ॲम्लोडिपिन १० मिग्रॅने घोटे सुजतात हे खरे, पण त्या सुजेत मानेची शीर फुगत नाही. ४५ अंशांत टेकवून मान पाहिली असती, यकृतावर दहा सेकंद दाब देऊन शीर वर चढते का पाहिले असते, किंवा खुर्चीत बसवून बुटाची नाडी बांधायला लावतो तसे ३० सेकंद वाकवले असते, तर उत्तर मिळाले असते. फाइलमध्ये मानेच्या शिरेची नोंद पहिल्या दिवसानंतर नाही. टीवायजीची मात्र दोनदा आहे.

पुन्हा भरतीच्या धोक्याचा लेस स्कोअरही काढला होता: मुक्काम ३ दिवस म्हणून ३, तातडीची भरती ३, हार्ट फेल्युअरचे २ आणि मधुमेहाचा १, मागील सहा महिन्यांत इमर्जन्सी भेट नाही म्हणून ०, एकूण ९. दहापासून पुढे धोका जास्त धरतात. या स्कोअरची एक गंमत लक्षात ठेवावी. रुग्णाला लवकर घरी पाठवले की मुक्कामाचे गुण कमी पडतात, म्हणजे पाणी पुरते न काढता सोडलेला रुग्ण कागदावर कमी धोक्याचा ठरतो.

डिस्चार्जच्या चिठ्ठीत मग 'इन्सुलिन रेझिस्टन्स'साठी मेटफॉर्मिन ५०० आणि पायोग्लिटाझोन १५ मिग्रॅची एकत्र गोळी, दिवसातून दोनदा. म्हणजे पायोग्लिटाझोन ३० मिग्रॅ.

पायोग्लिटाझोन इथे का चालत नाही

तर्क सरळ दिसतो: इन्सुलिन रेझिस्टन्स आहे, पायोग्लिटाझोन इन्सुलिनची संवेदनशीलता वाढवते, म्हणून ते द्यावे. ते खरेच वाढवते. पण ज्या पीपीएआर-गॅमा रिसेप्टरवर ते स्नायू आणि चरबीत काम करते तोच रिसेप्टर मूत्रपिंडाच्या शेवटच्या टप्प्यातील नलिकांतही आहे आणि तिथे त्याचा परिणाम सोडियम परत खेचण्याचा होतो. सोडियममागे पाणी. मूत्रपिंडातील नलिकेच्या मधल्या वळणावर (लूपवर) काम करणाऱ्या फ्युरोसेमाइडने हे पाणी नीट हटत नाही, कारण सोडियम त्याच्या पुढच्या टप्प्यावर परत शोषले जात असते. २००७ पासून अमेरिकेत या गटाच्या औषधांवर हार्ट फेल्युअरची ठळक चौकटीतली सूचना आहे. युरोपात तर हार्ट फेल्युअर असेल, किंवा पूर्वी कधी झाले असेल, तर पायोग्लिटाझोन देऊच नये असा नियम आहे.

साखरेच्या इतर औषधांतही हा प्रश्न येतो. सॅक्साग्लिप्टिन या औषधाच्या सेव्हर-टिमी ५३ चाचणीत (२०१३) हार्ट फेल्युअरमुळे भरतीचे प्रमाण ३.५ टक्के होते, प्लासिबो (औषध नसलेली गोळी) गटात २.८ टक्के. साखर कमी करणारे औषध हृदयाच्या सोयीचे असेलच असे गृहीत धरता येत नाही.

इन्सुलिन रेझिस्टन्सबद्दलचा आणखी एक बारकावा इथे महत्त्वाचा आहे. 'रेझिस्टन्स' सगळ्या अवयवांत सारखा नसतो. स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते. मूत्रपिंड मात्र त्या जादा इन्सुलिनला दाद देत राहते आणि सोडियम धरून ठेवते. म्हणून इन्सुलिन रेझिस्टन्स असलेला हार्ट फेल्युअरचा रुग्ण आधीच पाणी धरण्याकडे झुकलेला असतो. उलटही खरे आहे: हार्ट फेल्युअरमधली सिंपथेटिक (ॲड्रिनलिन वाढवणाऱ्या मज्जासंस्थेची) उत्तेजना चरबी वितळवते, फॅटी ॲसिड वाढतात आणि रेझिस्टन्स वाढतो. दोन्ही एकमेकांना ढकलतात. अशा रुग्णाला पाणी साठवणारे औषध देणे म्हणजे उतारावरच्या गाडीचा ब्रेक काढणे.

घरच्या वहीतले सतरा दिवस

बाई रोज सकाळी वजन करत होत्या. वही अशी:

पहिला दिवस ८०.८
पाचवा ८१.४
नववा ८२.७
चौदावा ८४.३
सतरावा ८५.५

त्यांना सांगितले होते, 'तीन दिवसांत २ किलोंहून जास्त वाढले तर फोन करा.' सूचना मार्गदर्शक तत्त्वांत आहे तीच, त्यात चूक नाही. पण वहीत कुठलेही तीन दिवस घ्या, वाढ १.२ किलोंच्या वर जात नाही. सोळा दिवसांत ४.७ किलो पाणी साठले आणि इशाऱ्याची रेषा एकदाही ओलांडली गेली नाही. बाईंनी सांगितलेले सगळे पाळले, म्हणून फोन केला नाही.

नियमाला दुसरी ओळ जोडायला हवी: 'डिस्चार्जच्या वजनापेक्षा २ किलो जास्त झाले तर, कितीही दिवस लागलेले असोत, फोन करा.' इथे ती ओळ असती तर दहाव्या-अकराव्या दिवशीच फोन झाला असता. तिलाही एक अट आहे: डिस्चार्जचे वजन खरोखर कोरडे असले पाहिजे. ८०.९ कोरडे नव्हते. ते किती होते हे दुसऱ्या भरतीत कळले.

दुसरी भरती

सतराव्या दिवशी वजन ८५.५, मान फुगलेली, पोटरीपर्यंत सूज, एनटी-प्रोबीएनपी १,४२०, हिमोग्लोबिन १०.४. पायोग्लिटाझोन बंद. ऑक्सिजन कमी असेपर्यंत मेटफॉर्मिनही थांबवले. ॲम्लोडिपिन ५ वर आणले आणि पुढे बंद केले.

घरी तोंडावाटे ४० मिग्रॅ चालू होते म्हणून शिरेतून पहिला डोस दुप्पट, ८० मिग्रॅ. दोन तासांनी लघवीतील सोडियम ४८ मिलिमोल. या वेळी तो ५० ते ७० च्या खाली असेल तर डोस अपुरा आहे असे समजायचे आणि दुसऱ्या दिवसाच्या राउंडची वाट पाहायची नाही. पुढचा डोस १६० मिग्रॅ दिला. त्यानंतरच्या सहा तासांत लघवी तासाला सरासरी १८० मिलि. स्पायरोनोलॅक्टोन हे दुसरे डाययुरेटिक २५ मिग्रॅ जोडले, कारण पायोग्लिटाझोनने ज्या शेवटच्या नलिकांत सोडियम अडवले होते तिथेच ते काम करते. औषध बंद केले तरी त्याचा परिणाम लगेच ओसरत नाही.

तिसऱ्या दिवशी एम्पाग्लिफ्लोझिन (साखर लघवीवाटे बाहेर टाकणारे औषध) १० मिग्रॅ. एम्पल्स चाचणीत (२०२२, ५३० रुग्ण) भरतीतच हे औषध सुरू करण्याच्या अटी होत्या: वरचा रक्तदाब किमान १००, गेल्या सहा तासांत शिरेतील डाययुरेटिकचा डोस वाढवलेला नसावा, शिरेतून रक्तवाहिन्या सैल करणारे औषध चालू नसावे, आणि २४ तासांत हृदयाला जोर देणारी इंजेक्शने दिलेली नसावीत. ९० दिवसांच्या एकत्रित निकालात औषधाचा विन रेशो (औषध गट सरस ठरलेल्या तुलना भागिले प्लासिबो गट सरस ठरलेल्या तुलना) १.३६ आला, आणि मधुमेह असो-नसो, इजेक्शन फ्रॅक्शन कमी असो वा टिकून असो, फायदा दिसला. म्हणजे हे औषध देण्यासाठी टीवायजी लागतच नाही, मधुमेहाचा शिक्काही लागत नाही. पहिल्या भरतीत शिक्का मारला गेला तो अनावश्यक होता, आणि त्याच्यामुळे जे मिळायला हवे होते ते मिळाले नाही.

पाचव्या दिवशी क्रिएटिनिन १.३ झाले. लघवी चांगली होते आहे, वजन उतरते आहे, रुग्ण बरा दिसतो आहे, अशा वेळी एवढ्या वाढीवर डाययुरेटिक थांबवायचे नाही. शिवाय एम्पाग्लिफ्लोझिनने सुरुवातीला मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगात होणारी थोडी घसरण त्यात असतेच. नवव्या दिवशी १.२.

सातव्या दिवसापासून तोंडावाटे फ्युरोसेमाइड ४० मिग्रॅ दोन वेळा. दोन दिवस गोळीवर वजन ७६.४ आणि ७६.५, मान सपाट, यकृतावर दाब दिला तरी शीर चढत नाही. एनटी-प्रोबीएनपी ५६०, म्हणजे ६१ टक्के घट. पहिल्या वेळी डिस्चार्ज झाला तेव्हा अंगात साडेचार किलो पाणी शिल्लक होते.

दुसरा नमुना

इन्सुलिन रेझिस्टन्सच्या मार्करसाठी (तो मोजणाऱ्या आकड्यांसाठी) रक्त तिसऱ्या दिवशी सकाळी घेतले: १२ तास उपाशी, स्टिरॉइड बंद होऊन दोन आठवड्यांवर, आणि एम्पाग्लिफ्लोझिनची पहिली गोळी देण्याआधी. त्या गोळीनंतर साखर लघवीवाटे जाऊ लागते आणि आधी-नंतरची तुलना बिघडते, म्हणून हा क्रम.

साखर ११४, ट्रायग्लिसराइड १७८, एचडीएल ३८, इन्सुलिन १९.४ मायक्रोयुनिट प्रति मिलि.

टीवायजी: १७८ × ११४ ÷ २ = १०,१४६, लॉग ९.२२.
होमा-आयआर (उपाशी साखर आणि इन्सुलिनवरून काढलेला रेझिस्टन्स): ११४ × १९.४ ÷ ४०५ = ५.५.
ट्रायग्लिसराइड बाय एचडीएल: ४.७.

हाही नमुना निर्मळ नाही. सोळा दिवस घेतलेल्या पायोग्लिटाझोन आणि मेटफॉर्मिनने इन्सुलिन व ट्रायग्लिसराइड खाली ओढलेले असणार. आजाराच्या ताणाने साखर वर ढकललेली असणार. भरतीतल्या रुग्णात निर्मळ नमुना असा मिळत नाहीच. पण खाली ओढणारी दोन औषधे असूनही होमा ५.५ येतो तेव्हा रेझिस्टन्स खरा आहे असे मानायला हरकत नाही.

होमाच्या बाबतीत दोन गोष्टींनी घात होतो. लॅब इन्सुलिन पिकोमोल प्रति लिटरमध्ये देत असेल तर ६ ने भागायचे. न भागता ११६ हा आकडा सूत्रात टाकला की होमा ३२.७ येतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसरे, रक्त घेताना पेशी फुटल्या तर त्यांतील एन्झाइम इन्सुलिन तोडते आणि आकडा खोटा कमी येतो. लालसर सीरमवरचे इन्सुलिन फेकून द्यावे. इन्सुलिनची इंजेक्शने चालू असलेल्या रुग्णात तर होमा काढूच नये. साखरेच्या नळीचेही पथ्य आहे: साधी नळी टेबलावर पडून राहिली तर पेशी तासाला ५ ते ७ टक्के साखर खातात. ११४ ची दोन तासांत शंभराच्या आसपास येते आणि मधुमेहपूर्व रुग्ण नॉर्मल दिसू लागतो.

वजन घालून काढायच्या मार्करमध्ये हार्ट फेल्युअर वेगळाच गोंधळ घालते. मेट्स-आयआर या दुसऱ्या मार्करचे सूत्र असे: (२ × साखर + ट्रायग्लिसराइड) चा लॉग, गुणिले बीएमआय, भागिले एचडीएलचा लॉग. वरचेच रक्ताचे आकडे घेऊन भरतीच्या दिवसाच्या ८५.५ किलोने (बीएमआय ३५.१) काढला तर मेट्स-आयआर ५८.०, कोरड्या ७६.४ ने (बीएमआय ३१.४) काढला तर ५१.८. रक्त तेच, रुग्ण तोच, सहा अंकांचा फरक निव्वळ पाण्याचा. भरतीच्या वजनावर काढलेला मेट्स-आयआर किंवा टीवायजी-बीएमआय (टीवायजी गुणिले बीएमआय) पुन्हा भरतीशी संबंध दाखवतो यात नवल नाही. त्यात सूजच मोजलेली असते. आमच्या मते हे दोन्ही मार्कर कोरडे वजन हाती येईपर्यंत काढूच नयेत.

मग पुन्हा भरतीचा अंदाज बांधायला या मार्करांचा उपयोग किती? निरीक्षणात्मक अभ्यासांत संबंध दिसतो, पण सीमारेषा प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे आणि उरलेली सूज, एनटी-प्रोबीएनपी, मूत्रपिंड यांच्यापुढे त्याची भर थोडी पडते. त्यातही वजन घटलेल्या, स्नायू झडलेल्या रुग्णात तो उलटा फसवतो. इजेक्शन फ्रॅक्शन २५ टक्के, अन्न जात नाही, ट्रायग्लिसराइड ७०, साखर ८८: टीवायजी ८.०. आकडा छान, रुग्ण वॉर्डातला सगळ्यात नाजूक. मार्कर उपयोगी पडतो तो एका वेगळ्या प्रश्नाला: या रुग्णाच्या हार्ट फेल्युअरमागे चयापचयाचा वाटा मोठा आहे का, आणि असेल तर कोणते औषध चिठ्ठीत नाही, कोणते नको असताना आहे?

एचबीए१सी आणि लोह

हिमोग्लोबिन १०.४ होते, पाणी उतरल्यावर ११.२ झाले. सूज असताना रक्त पातळ होते आणि पायोग्लिटाझोन त्यात भर घालते, त्यामुळे पहिला आकडा थोडा खोटा. पण फेरिटिन (साठवलेल्या लोहाची खूण) १८ आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून फिरणाऱ्या लोहाचे प्रमाण) ९ टक्के. ही लोहाची खरी कमतरता. लोह शिरेतून दिले आणि ६४ व्या वर्षी लोह का कमी झाले हे शोधण्यासाठी पचनमार्गाच्या तपासणीला पाठवले. हार्ट फेल्युअरच्या गडबडीत ही पाठवणी हमखास राहून जाते.

लोह कमी असताना तांबड्या पेशी जास्त काळ रक्तात राहतात आणि एचबीए१सी खोटा वाढतो. तीन महिन्यांनी तो ५.८ आला. मधल्या काळात एम्पाग्लिफ्लोझिनही चालू होते, म्हणून घट कोणामुळे किती हे सांगता येत नाही. उपाशी साखर मात्र ११४ वरून १०१ वरच आली होती. एवढ्यावर 'मधुमेह उलटला' असे लिहायचे कारण नाही, मधुमेह नव्हताच.

डिस्चार्जनंतर

स्ट्राँग-एचएफ चाचणीच्या (२०२२) धर्तीवर १, २, ३ आणि ६ आठवड्यांनी भेट ठरवली. त्या चाचणीत औषधे झपाट्याने पूर्ण डोसवर नेऊन जवळून पाठपुरावा केला तेव्हा १८० दिवसांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरची भरती १५.२ टक्के, नेहमीच्या पद्धतीत २३.३ टक्के. इजेक्शन फ्रॅक्शन टिकून असलेल्यांत वाढवायला औषधे थोडी असतात, पण भेटींचा उपयोग होतो. इथे पहिल्याच आठवड्यात पोटॅशियम ५.१ आढळले, टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन एकत्र चालू असताना हे व्हायचेच. डोस न बदलता चार दिवसांनी पुन्हा पाहिले, ४.८.

सहाव्या आठवड्यात उपाशीपोटी: ट्रायग्लिसराइड १४२, साखर १०१, इन्सुलिन १२.८; टीवायजी ८.८८, होमा ३.२. कोरडा बीएमआय ३० च्या वर आणि दम अजून थोडा शिल्लक, म्हणून वजन घटवणारे सेमाग्लुटाइड आठवड्याला ०.२५ मिग्रॅपासून. स्टेप-एचएफपेफ चाचणीत (२०२३, ५२९ रुग्ण, बीएमआय ३० पासून पुढे) ५२ आठवड्यांत वजन १३.३ टक्के घटले, प्लासिबोवर २.६ टक्के, आणि लक्षणांचा स्कोअर १६.६ विरुद्ध ८.७ गुणांनी सुधारला.

चौथ्या महिन्यात बाई दोन जिने चढून दमल्या. घोट्यावर अंगठा दाबला की खड्डा राहत होता. वजन ७४.९. कार्डावर लिहिलेले कोरडे वजन ७६.४, म्हणजे दीड किलो खालीच. वही पाहून घरच्यांना सगळे ठीक वाटत होते. महिनाभरापूर्वी रक्तदाब उतरला म्हणून फ्युरोसेमाइड दिवसातून एकदाच केले होते. सेमाग्लुटाइडने चरबी उतरत होती आणि उतरलेल्या चरबीच्या जागी पाणी येत होते. काट्याला दोन्ही सारखेच. फ्युरोसेमाइड पुन्हा दोन वेळा केल्यावर पाच दिवसांत वजन ७२.६ वर आले आणि घोट्यावरचा खड्डा गेला. कार्डावर ७६.४ खोडून ७२.६ लिहिले, शेजारी तारीख घातली, आणि सेमाग्लुटाइडचा डोस वाढवत असेपर्यंत दर चार आठवड्यांनी मान पाहून हा आकडा नव्याने लिहायचे ठरले.